बिननावाचे चित्र: आकाशातून ठिकाण ओळखण्याची विद्या

आकाशातून घेतलेल्या चित्रावर गावाचे नाव नाही, उत्तर दिशेचा बाण नाही, प्रमाण नाही, तारीखही नाही. अशा चित्राकडे पाहून ते पृथ्वीवरच्या नेमक्या कोणत्या जागेचे आहे हे ठरवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. नकाशा वाचताना नाव हाती असते आणि जागा शोधायची असते. इथे जागा डोळ्यांसमोर पसरलेली असते आणि नाव शोधायचे असते. ओघ असा उलटा झाला की गावांची सूची आणि अक्षांश-रेखांश सुरुवातीला काहीच कामाचे राहत नाहीत. कामाला येते ती जमिनीवरची रेघ, वर्तुळ, रंग तिथे कशामुळे आला याची समज. बांध वाकडा असतो त्याला कारण असते, सरळ असतो त्यालाही असते. ही कारणे जगभर सारखी विखुरलेली नाहीत. काही एखाद्या खडकाची असतात, काही एखाद्या पिकाची, काही दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कायद्याची. कारण सापडले की मुलूख सापडतो, आणि मुलूख सापडला की हळूहळू गावापर्यंत पोचता येते.

चित्रासमोर बसलेल्याला तीन प्रश्न सोडवायचे असतात: हे काय आहे, हे कुठे आहे आणि हे केव्हाचे आहे. नवखा माणूस मधल्या प्रश्नावर थेट उडी मारतो. नदीचे एखादे वळण ओळखीचे वाटते आणि मग उरलेले सगळे चित्र त्या तर्कात बसवण्याची ओढाताण सुरू होते. मुरलेले चित्रवाचक सर्वाधिक वेळ पहिल्या प्रश्नावर घालवतात. समोरचा काळा पट्टा पाणी आहे, सावली आहे, जळालेले रान आहे की काळी जमीन, हे ठरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही, ही या कामातली पहिली शिस्त.

अडचण मुळात नजरेची आहे. माणूस जग पाहतो ते जमिनीवर उभे राहून. घर म्हणजे दार, ओटा, भिंती. झाड म्हणजे खोड आणि फांद्या. डोंगर म्हणजे क्षितिजावरची कड. वरून पाहिले की घराचे छप्पर तेवढे उरते, झाडाचा गोल ठिपका होतो आणि डोंगराची उंचीच नाहीशी होते. देवळाचा कळस दिसत नाही, त्याची सावली दिसते. तिरक्या कोनातून घेतलेल्या चित्रात ओळखीचा थोडा आधार राहतो. कॅमेरा सरळ खाली रोखलेला असला की तोही सुटतो.

त्यात सावलीचा एक घोटाळा असा आहे की माहीत नसलेल्याची हमखास फसगत होते. पृथ्वीचे निरीक्षण करणारे बरेचसे उपग्रह एखाद्या जागेवरून तिथल्या वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या आसपास जातात. हिवाळ्यात आपल्याकडे त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो आणि सावल्या वायव्येला पडतात. उत्तर दिशा वर ठेवून चित्र छापले की उजेड खालून आल्यासारखा होतो. डोळ्याला तर उजेड वरूनच येण्याची जन्मभराची सवय. मग मेंदू आपल्या सवयीने हिशेब जुळवतो आणि दरीचा डोंगर, डोंगराची दरी करून टाकतो. सह्याद्रीच्या जानेवारीतल्या चित्रात ओढ्याची घळ उंच धारेसारखी वर येते आणि नदी डोंगराच्या माथ्यावरून वाहते आहे असे वाटते. कागद उलटा धरला की सगळे जागच्या जागी बसते. सावली दर्शकाकडे पडेल असे चित्र धरावे, हा नियम जुन्या चित्रवाचकांनी अंगवळणी पाडून घेतलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर वाढलेल्या पिढीला तो मुद्दाम शिकवावा लागतो.

या विद्येचा आरंभ बलूनमध्ये झाला. पॅरिसजवळ १८५८ मध्ये नादार या छायाचित्रकाराने बांधलेल्या बलूनमधून जमिनीचे छायाचित्र घेतले; ते आज उपलब्ध नाही. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र बोस्टन शहराचे आहे, जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १८६० मध्ये घेतलेले. ही चित्रे लोकांनी नवलाने पाहिली. ती बारकाईने वाचण्याची गरज निर्माण केली पहिल्या महायुद्धाने. खंदकांच्या रेषा रात्रीतून बदलत, तोफा झाडोऱ्यात लपवलेल्या असत, आणि कालच्या व आजच्या चित्रातला फरक हेरणाऱ्या माणसावर शेकडो जीव अवलंबून असत. कॅमेरा विमानात आल्यानंतर काही वर्षांतच चित्रवाचन हे पूर्णवेळ काम झाले.

युद्ध संपले आणि हीच नजर शेतांकडे वळली. त्या युद्धात विमानातून निरीक्षण केलेले ओ. जी. एस. क्रॉफर्ड १९२० मध्ये ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा-संस्थेत पुरातत्त्व अधिकारी झाले आणि १९२८ मध्ये त्यांनी अलेक्झांडर किलर यांच्यासह ‘वेसेक्स फ्रॉम दि एअर’ हा ग्रंथ काढला. गालिच्यावर चालणाऱ्या मांजराला नक्षी दिसत नाही, वरून पाहणाऱ्या माणसाला दिसते, हा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. त्याआधीच, १९२५ मध्ये, इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या एका शेतात पांढुरक्या ठिपक्यांची एकात एक वर्तुळे दिसली होती. पुढच्या वर्षी पीक उभे राहिल्यावर ती आणखी ठळक झाली. उत्खननात तिथे प्राचीन लाकडी खांबांचे खड्डे निघाले, आणि ते ठिकाण वुडहेंज म्हणून ओळखले जाऊ लागले. कारण शेतकऱ्याला नवे नाही: बुजलेल्या खड्ड्यावर ओल अधिक टिकते, पीक तिथे जोमाने वाढते आणि उशिरा पिवळे पडते, पुरलेल्या भिंतीवर माती उथळ, म्हणून पीक खुरटते. बांधावर उभ्या माणसाला पिकातला तो दोन बोटांचा फरक जाणवत नाही. आकाशातून त्याची आखीव रेघ होते.

१९२७ मध्ये मेटलंड या ब्रिटिश वैमानिकाने कैरो–बगदाद हवाई टपालाच्या मार्गावर, आजच्या जॉर्डनच्या काळ्या दगडी वाळवंटात, मैलोगणिक पसरलेल्या दगडी भिंतींविषयी लेख लिहिला. वरून त्यांचा आकार शेपटीच्या पतंगासारखा दिसे. स्थानिक बेदुइन लोक त्यांना म्हाताऱ्यांची कामे म्हणत. हरणांचे कळप हाकत नेऊन आवारात कोंडण्यासाठी त्या बांधल्या होत्या हे पुढे उलगडले. त्याच सुमारास फ्रेंच धर्मगुरू आंत्वान प्वादबार सीरियात विमानातून रोमन सीमेवरचे किल्ले आणि रस्ते शोधत होते. जर्मन भूगोलवेत्ते कार्ल ट्रोल यांनी १९३९ मध्ये हवाई छायाचित्रांच्या अभ्यासातूनच भूदृश्य-परिसंस्थाशास्त्र ही कल्पना मांडली. माती, पाणी, झाडोरा आणि माणूस हे एकाच चौकटीत एकत्र दिसल्याशिवाय ती सुचली नसती.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या पश्चिमेला मेडमनम येथील हवेलीत शेकडो चित्रवाचक रात्रंदिवस बसत. एकाच जागेची, थोड्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली शेजारी ठेवली की जमीन उठून उभी राही: इमारतीची उंची, खड्ड्याची खोली, उताराचा कोन, सगळे मोजता येई. कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना १९४३ च्या अखेरीस बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे येथील चित्रात एका तिरप्या धावेवर चिमुकले विमान दिसले. तसल्याच धावा उत्तर फ्रान्सच्या रानात उभ्या राहत असल्याचे इतर चित्रांत आढळले होते. दोन्हींचा मेळ बसला आणि व्ही-१ या उडत्या बॉम्बचे कोडे सुटले. चित्रावर ते विमान जेमतेम एका ठिपक्याएवढे होते. ठिपका एकटा असता तर तो डाग ठरला असता. त्याचे मोल शेजारच्या धावेने ठरवले.

अवकाशयुगाने चित्रांचा पूर आणला. अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर चित्रे घेतली. फिल्मची कुपी छत्रीने खाली येई आणि विमान ती हवेतच झेलत असे. १९९५ मध्ये त्यांतली आठ लाखांहून अधिक चित्रे खुली झाली. धरणांखाली गेलेल्या खोऱ्यांचे, शहरांनी गिळलेल्या शेतांचे जुने रूप त्यांत आहे, म्हणून पश्चिम आशियाच्या पुरातत्त्वज्ञांना ती आज सोन्यासारखी वाटतात. २३ जुलै १९७२ रोजी पहिला लँडसॅट उडाला. त्याच्या चित्राचा एक ठिपका जमिनीवरचे सुमारे ८० मीटर व्यापत असे. तरीही १९७६ मध्ये त्याच चित्रांच्या आधारे कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्याजवळ नकाशावर नसलेले एक खडकाळ बेट सापडले, अवघे ४५ मीटर लांब. त्याचे नाव लँडसॅट बेटच पडले. याच्या नेमके उलटे उदाहरण सँडी बेटाचे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या समुद्रात ते शंभर वर्षे नकाशांवर होते. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांचे जहाज तिथे पोचले तेव्हा खाली हजार मीटरहून खोल पाणी निघाले. नकाशा आणि चित्र एकमेकांची साक्ष काढतात ते असे.

भारतात या विद्येचे शिक्षण देहरादूनला रुजले. सर्व्हे ऑफ इंडियाची परंपरा १७६७ पासूनची. तिच्या छत्राखाली १९६६ मध्ये डच सहकार्याने छायाचित्रवाचनाची संस्था निघाली, तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा पहिला भारतीय सुदूर संवेदन उपग्रह गेला. १९९५ च्या आयआरएस-१सी ने ५.८ मीटर तपशिलाची चित्रे दिली आणि त्या वेळी नागरी वापराच्या उपग्रहांत तो अग्रभागी होता. पण ही चित्रे सामान्य माणसाच्या हाती नव्हती. सीमेजवळच्या आणि किनाऱ्याच्या स्थलनिर्देशक नकाशांवर कित्येक दशके निर्बंध होते. महाविद्यालयातल्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकात निळे ठिपके म्हणजे विहिरी, पिवळा रंग म्हणजे शेती, लाल म्हणजे वस्ती असे सांकेतिक चिन्हांतून जग शिकवले जाई. जमिनीचा खरा चेहरा पाहायला मिळत नसे. २००५ मध्ये गूगल अर्थ आले, २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा संग्रह मोफत झाला, २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ सुरू झाले, आणि २०२१ मध्ये भारताने नकाशांवरचे निर्बंध बरेच सैल केले. ज्या चित्रासाठी १९४३ मध्ये वैमानिक जीव धोक्यात घालत, तसे चित्र आता शाळकरी मुलाच्या मोबाइलवर उमटते.

वाचनाचे घटक १९६० च्या सुमारास अमेरिकेत पाठ्यपुस्तकी रूपात नोंदले गेले आणि आजही तेच शिकवले जातात: रंगछटा, आकार, आकारमान, पोत, मांडणी, सावली, मग स्थान आणि सोबत. पहिले सहा डोळ्याचे, शेवटचे दोन डोक्याचे. खरी ओळख पटते ती शेवटच्या दोहोंमुळे. साखर कारखान्याचे उदाहरण घ्यावे. एका लांब छपराच्या शेडीजवळून बारीक, लांबलचक सावली पडली आहे, म्हणजे चिमणी. शेडीमागे फिकट पिवळसर ढीग, म्हणजे बगॅस. बाजूला दोन-तीन गोल टाक्या, मळीच्या. समोर मोठे मोकळे आवार, त्यात ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांच्या रांगा. थोड्या अंतरावर एकसारख्या घरांची कामगार वसाहत, आणि सभोवार गर्द हिरव्या उसाचे तुकडे. यांतले काहीही एकेकटे घेतले तर शंभर ठिकाणी सापडेल. सगळे एकत्र आले की साखर कारखान्याखेरीज दुसरे काही असू शकत नाही, आणि बैलगाड्या दिसल्या तर शोध दख्खनकडे वळवायला हरकत नाही. शिवाय आवार भरलेले आहे म्हणजे गाळप हंगाम चालू आहे. चित्र ऐन पावसाळ्यातले नव्हे हेही त्याच आवाराने सांगितले.

या क्षेत्रात ठळक परंपरा पाच आहेत. सैनिकी परंपरा बदल शोधते. तिचे बळ तुलनेत आहे. पुरातत्त्वाची परंपरा लोपलेल्याचा माग काढते आणि त्यासाठी योग्य ऋतू, योग्य तास, तिरका उजेड यांची वाट पाहते. भूगोल आणि भूशास्त्राची परंपरा जमिनीच्या घडणीपासून सुरुवात करते. चौथी परंपरा पत्रकार आणि मानवी हक्कांच्या अभ्यासकांची, गेल्या दहा-पंधरा वर्षांत आकाराला आलेली; ती पुरावा उभा करते. पाचवी यंत्राची. २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या हेज आणि एफ्रॉस यांनी लाखो छायाचित्रांशी तुलना करून अनोळखी छायाचित्राची जागा संगणकाकडून अंदाजण्याचा प्रयत्न केला, आणि तेव्हापासून यंत्रांची गती झपाट्याने वाढत गेली. यंत्र शक्यता सांगते. ती शक्यता कशामुळे, हे बहुतेकदा सांगत नाही. पाचही परंपरांचा पाया तिसरीत आहे, ही या पुस्तकामागची धारणा आहे. खडक, पाणी आणि शेती यांची जाण नसलेल्याला तुलना करायला योग्य चित्रच सापडत नाही.

शेतांचे आकार हे या जाणिवेचे सर्वोत्तम शिक्षण. अमेरिकेत १७८५ च्या जमीन कायद्याने एक-एक मैलाचे चौकोन आखायला सुरुवात झाली, आणि ओहायोपासून पश्चिमेकडे अर्ध्या खंडभर ती जाळी आजही दिसते. तिच्या पाव तुकड्यात, १६० एकरांत, मध्याभोवती फिरणाऱ्या तुषार सिंचनाचे सुमारे ८०० मीटर व्यासाचे हिरवे वर्तुळ अगदी चपखल बसते. वर्तुळे चौकोनांत रांगेने बसलेली असतील तर कॅन्सस किंवा नेब्रास्का. तीच वर्तुळे वाळूत मोकाट विखुरली असतील, त्यांना जोडणारे चौकोनी रस्ते नसतील, तर सौदी अरेबिया किंवा लिबिया. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीकाठी फ्रेंच काळातल्या वाटपाने प्रत्येक कुटुंबाला नदीचे थोडे थोडे तोंड मिळाले. तिथली शेते फितीसारखी अरुंद आणि लांब, पाण्याशी काटकोनात. इराणच्या पठारावर माळेतल्या मण्यांसारखी खड्ड्यांची रांग डोंगराकडून गावाकडे येते: कनात या भुयारी कालव्याची ती हवेची छिद्रे. उत्तर भारताच्या मैदानात लंबगोल धावपट्टीसारखी आकृती आणि मध्ये चिमणी म्हणजे वीटभट्टी.

महाराष्ट्राची जमीन वाचायला सोपी आणि कठीण दोन्ही आहे. सोपी यासाठी की लाव्ह्याच्या थरांनी तिची पायऱ्यापायऱ्यांची घडण केली आहे. सह्याद्रीच्या उतारांवर उभा कडा आणि त्याखालचा झाडीचा सपाट पट्टा एकाआड एक येतात, आणि कोणी डोंगरावर समोच्च रेषाच काढून ठेवल्या आहेत असे वाटते. धुळे-नंदुरबारकडे लाव्ह्याच्या उभ्या भिंती, डाइक, मैलोगणिक सरळ रेषांत पूर्व-पश्चिम धावतात. नवख्याला ते रस्ते किंवा रेल्वेचे बांध वाटतात, पण कोणताही रस्ता एका टेकडीवरून दुसरीवर असा न वळता जात नाही. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव त्यांच्या कडेने ओळखावेत: एक बाजू पाळीची, नितळ, उरलेल्या बाजू पाणी जिथे शिरेल तिथे बोटे पसरलेल्या. माणसाने अडवलेल्या पाण्याची हीच खूण कोयनेपासून जगातल्या कोणत्याही धरणापर्यंत चालते. नाशिक, सांगली, सोलापूरच्या फळबागांत प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी काचेच्या तुकड्यांसारखी आखीव आणि गडद. गोव्यात मांडवी-झुआरीच्या काठच्या खाजण जमिनी बांधांनी खाडीपासून तोडलेल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे मे महिन्यात काळे-तांबूस आणि सप्टेंबरमध्ये हिरवेगार. त्याच सड्यांवरची कातळशिल्पे पायी चालणाऱ्याला तुटक खोदरेघा वाटतात आणि ड्रोनच्या चित्रात अख्खा हत्ती उभा राहतो. २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

कठीण यासाठी की ऋतू इथे जमिनीचे रूप पार पालटतो. पावसाळ्यातले चार महिने ढगांमुळे स्वच्छ चित्र क्वचितच मिळते. ऑक्टोबरमधले हिरवे शिवार आणि एप्रिलमधले भाजलेले शिवार एकाच गावाचे आहे हे रंगावरून कधीच कळत नाही. रंगावर विसंबणारा इथे फसतो. बांधांची रेघ, विहिरींचे गोल आणि ओढ्याचे वळण यांवर विसंबणारा तरतो.

लोणारचे चित्र एकदा सावकाश पाहण्यासारखे आहे. जवळजवळ निर्दोष वर्तुळ, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. पाणी मात्र त्याच्या आतच थांबलेले. पाणी आणि काठ यांच्यामध्ये झाडीचे कडे. प्रश्न पहिला: हे काय? खाण असती तर ट्रक उतरण्याचा वळणावळणाचा रस्ता आणि पायऱ्या दिसल्या असत्या. तलाव असता तर एक बाजू पाळीची असती. उरतो ज्वालामुखी किंवा उल्का. ज्वालामुखीच्या मुलखात असे विवर बहुधा एकटे नसते, शेजारी आणखी शंकू आणि विवरे असतात. इथे सभोवार सपाट काळी जमीन आणि शेतांचे लहान-लहान चौकोनी तुकडे. उल्काविवर धरले तर जगात एवढ्या आकाराची, पाणी असलेली थोडीच आहेत. कॅनडाच्या क्वेबेकमधले पिंग्वालुइट गोल आहे, पण जवळजवळ दुप्पट रुंद, पाणी निळेशार, आणि भोवती शेत नाही, झाड नाही, नुसता तुंड्रा आणि असंख्य लहान तळी. इथे पाणी शेवाळी हिरवे, कारण ते खारट आणि अल्कधर्मी आहे. ईशान्येला काठ एका जागी फुटून ओढा आत उतरतो आणि त्याच बाजूला गाव काठाला येऊन भिडले आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. आणि पाणी हिरव्याऐवजी गुलाबी असेल, तर चित्र जून २०२० च्या आसपासचे असण्याची शक्यता मोठी.

रात्रीची चित्रे हा अलीकडे उघडलेला प्रांत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून अंतराळवीर हातातल्या कॅमेऱ्याने शहरांची चित्रे घेतात. स्थानक त्या क्षणी कुठे होते याची नोंद असते, पण कॅमेरा कुठे रोखला होता याची नसते, म्हणून हजारो चित्रे बिननावाची राहिली. माद्रिदच्या कॉम्प्लुटेन्से विद्यापीठातून निघालेल्या ‘सिटीज ॲट नाइट’ या उपक्रमात ती ओळखायला सामान्य नागरिकांना बोलावले गेले. अंधारात डोंगर, शेत, माती सगळे जाते; उरतात दिवे आणि दिव्यांचे रंग. बर्लिनचा पूर्व भाग पिवळसर आणि पश्चिम भाग पांढरट दिसे, कारण भिंत पडून वीस-बावीस वर्षे झाली तरी रस्त्यावरच्या दिव्यांची जात दोन्हीकडे वेगळीच राहिली होती. भारत-पाकिस्तान सीमा कुंपणावरच्या प्रखर दिव्यांमुळे नारिंगी धाग्यासारखी चमकते. मुंबई ओळखावी ती उजेडावरून नव्हे, तर उजेडातल्या काळ्या ठिगळावरून: दोन बाजूंनी उपनगरे आणि मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान.

या विद्येची गरज आज का वाढली, याचे उत्तर कॅमेरूनमधल्या एका डोंगररांगेत आहे. २०१८ मध्ये सैनिक दोन स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना गोळ्या घालत असल्याची चित्रफीत पसरली. सरकारने ती खोटी ठरवली. बीबीसी आफ्रिका आयच्या पथकाने पार्श्वभूमीवरच्या डोंगरकडेची रेघ काढून घेतली, ती उपग्रहचित्रांवरून उभ्या केलेल्या भूरूपाशी ताडली आणि नायजेरियाच्या सीमेजवळचे झेलेवेट हे ठिकाण निश्चित केले. मग पायवाट, झाडे, घरे एकेक करून जुळवली. वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांत कोणती भिंत आहे आणि कोणती नाही यावरून काळ आवळत आणला, सैनिकांच्या सावल्यांच्या कोनावरून तो आणखी आवळला: २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. २०२० मध्ये सैनिकांना शिक्षा झाल्या. मेडमनममधली तुलना, पुरातत्त्वाची सावली आणि भूगोलाची डोंगरकड या एका तपासात एकत्र आल्या.

उपयोगाचे इतरही मार्ग आहेत. पूर किंवा भूकंप झाला की आंतरराष्ट्रीय सनदेनुसार २००० पासून अवकाशसंस्था परस्परांना तातडीने चित्रे देतात. कुठला पूल उरला, कुठले गाव पाण्याने वेढले हे मग कोणीतरी वाचावेच लागते. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दक्षिण आशियातल्या वीटभट्ट्या उपग्रहचित्रांवर मोजून त्यांची संख्या पन्नास हजारांवर असल्याचा अंदाज मांडला. भट्ट्यांवरच्या वेठबिगारीचा माग काढण्यासाठी ती मोजणी होती. दुसरीकडे एका युद्धाचे चित्र दुसऱ्या युद्धाचे म्हणून फिरते, दहा वर्षांपूर्वीचा पूर कालचा म्हणून दाखवला जातो, आणि आता तर मुळात नसलेल्या जागेची चित्रे यंत्र तयार करून देते. अशा वेळी सावलीची दिशा आणि नदीचा उतार एकमेकांशी जुळतात का हे तपासणारी नजर ही नागरिकाची गरज आहे. तीच नजर इजाही करू शकते. आश्रयाला आलेल्या स्त्रीच्या घराचा पत्ता गच्चीच्या एका छायाचित्रावरून काढता येतो. तो काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रस्तुत पुस्तक ही विद्या मराठीत पहिल्या पायरीपासून शिकवू पाहते. जगातल्या सगळ्या भूरूपांचा कोश होण्याचा त्याचा इरादा नाही. सैनिकी तळांची ओळख त्यात नाही, खाजगी घरे शोधण्याच्या युक्त्याही नाहीत. संगणकी प्रणालींविषयी मोजकेच लिहिले आहे, कारण त्या दर वर्षी बदलतात आणि बसाल्ट बदलत नाही. चित्रे निवडताना प्रसिद्ध स्थळे शक्यतो टाळली आहेत. नाझ्काच्या रेघा किंवा दुबईचे ताडाच्या आकाराचे बेट ओळखण्यात आठवण कामी येते, वाचन नव्हे. साध्या शेतांना, खेड्यांच्या गावठाणांना, मिठागरांना, खाणींना आणि खाड्यांना अधिक पाने दिली आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातली चित्रे आधी येतात, कारण वाचकाला आपला तर्क प्रत्यक्ष जाऊन पडताळता येईल अशी जागा सुरुवातीला जवळपास हवी; परके प्रदेश मग येतात.

प्रत्येक चित्राखाली त्याची रुंदी किलोमीटरमध्ये दिली आहे, इतर काहीही नाही. काही चित्रांत उत्तर दिशा मुद्दाम वर ठेवलेली नाही. ती सावलीवरून शोधायची आहे. उत्तरे शेवटच्या पानांवर आहेत आणि प्रत्येक उत्तरासोबत तिथवर पोचण्याचा एक मार्ग लिहिला आहे. जिथे दोन तर्क अखेरपर्यंत बरोबरीने टिकतात, तिथे दोन्ही नोंदले आहेत. सोबत एक साधे भिंग आणि पारदर्शक पट्टी असावी. पुस्तक टेबलावर ठेवून फिरवता यावे म्हणून त्याची बांधणी सपाट उघडणारी केली आहे.